पुलूक

दोन हजार एकोणीस साल. तोंडाला कापड बांधून हिंडायची वेळ अजून कुणावर आली नव्हती. माणसं एका खोलीत खांद्याला खांदा लावून बसत आणि एकमेकांच्या तोंडावर मोकळेपणी हसत. त्या वर्षीच्या एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, पाचव्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत बसलेली सगळी माणसं एकदम हसली, आणि त्यांच्याबरोबर भिंगरीही हसली. पुढे त्या दिवसातलं बरंच काही तिच्या आठवणीतून पुसट झालं, पण आपण हसलो होतो हे काही गेलं नाही. हसू आधी आलं, कळलं मागाहून. ओठांचे कोपरे वर गेलेले तसेच राहिले आणि आतून काहीतरी पायरी चुकल्यासारखं खाली गेलं.

भिंगरी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून बापाने ठेवलेलं, ते चिकटलं. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिली. संगणकाची सुरक्षा हा विषय तिने घेतला तेव्हा बापाने विचारलं होतं, "म्हणजे काय करायचं?" ती म्हणाली, "लोकांच्या संगणकात चोर शिरू नयेत म्हणून बघायचं." बाप किल्ल्या बनवणारा. बाजाराच्या तोंडाशी त्याची पत्र्याची टपरी होती. तो खूश होऊन म्हणाला, "मग आपलाच धंदा की! फक्त हात काळे होणार नाहीत." आता ती शेवटच्या वर्षाला होती आणि कॉलेजात तिला शिकवणाऱ्या मॅडमनी स्वतः काढलेल्या संस्थेत उमेदवारी करत होती. काम असं, की एखाद्या मोठ्या कचेरीने सांगायचं, आमची माणसं पारखून द्या. मग संस्थेतल्यांनी चोर बनून त्या माणसांना फोन करायचे, भूलथापा द्यायच्या आणि कोण आपला पासवर्ड सांगून टाकतो ते बघायचं. महिनाअखेर मॅडम तिला कायम करणार होत्या. कागद तयार होता, सही तेवढी राहिली होती.

त्या मंगळवारी मॅडम एका मोठ्या रुग्णालयात केलेल्या दहा फोनांचं रेकॉर्डिंग नव्या मुलांना ऐकवत होत्या. हे रुग्णालय कुठलं ते भिंगरीला ठाऊक होतं. तिची आई तिथेच, धुलाई विभागात कामाला होती. म्हणूनच मॅडमनी तिला आधी बोलावून सांगितलं होतं, "बाळा, या कामात तुला घेत नाही हं. घरचं माणूस असलं की आपण बाजूला व्हायचं, हा नियम." केवढं बरं वाटलं होतं तिला तेव्हा. नियम पाळणारी माणसं तिने फार पाहिली नव्हती. फोन तरी कुणाला जाणार, डॉक्टरांना, हिशेबनिसांना. काउंटरवर बसून संगणकात चादरी नोंदणाऱ्या बाईला कोण कशाला विचारतंय.

सातवा फोन. फोन करणारा होता रेडिओ, सगळे त्याला तसंच म्हणत. हा तिच्याच वयाचा, शेजारच्या टेबलावर बसणारा मुलगा. आवाज असा घोटीव की त्याने दूधवाल्यालाही 'उद्या अर्धा लिटर जास्त' असं सांगितलं तरी काही मोठी घोषणा झाल्यासारखं वाटे. समोरच्या बाईचा आवाज ओळखू येऊ नये म्हणून जाड केला होता, घोंगडीतून आल्यासारखा. रेडिओ सांगत होता, "ताई, घाबरू नका. तुमच्या मुलीला रस्त्यात चक्कर आली, तिला आपल्याच रुग्णालयात आणलंय. अर्धवट शुद्धीत आहे. तिची जुनी नोंद उघडायचीय, आमचं मशीन अडलंय. तुमचा पासवर्ड सांगा, तुमच्या नावाने उघडतो." घोंगडीतली बाई म्हणाली, "तुम्ही कोण? मी का देऊ?" मग जरा थांबून, "तिने काही सांगितलंय का? एखादा शब्द?" आणि रेडिओ म्हणाला, "हो ताई. मघापासून एकच पुटपुटतेय. पुलूक. पुलूक म्हणजे काय हो?"

तेव्हा खोली हसली. शब्दच तसा, पाण्यात खडा पडल्यासारखा.

जाड केलेल्या आवाजामागे एक यंत्र चाललं होतं. फुस्स, धप्. फुस्स, धप्. चादरी दाबून कोरड्या करणारं ते यंत्र भिंगरीने चालायला लागण्याआधीपासून ऐकलं होतं. शाळेला सुटी असली की आई तिला कपड्यांच्या गाड्यावर बसवून ठेवी, आणि त्या आवाजाच्या तालावर तिला झोप लागे. "थांबा हं," बाई म्हणाली, "थांबा हं, लिहून घ्या," आणि पासवर्डाच्या जागी लांब शिट्टी वाजली. तो भाग पुसला होता. 'थांबा हं' पुसलं नव्हतं. आई दारातल्या माणसालाही थांबा हं म्हणे, उतू जाणाऱ्या दुधालाही.

दोन-अडीच वर्षांची असताना भिंगरीला कुलूप म्हणता येत नसे. टपरीत बापाच्या पायांशी बसून ती कोऱ्या किल्ल्यांचा खुळखुळा करी आणि भिंतीवरच्या कुलपांकडे बोट दाखवून म्हणे, पुलूक, पुलूक. बाप गिऱ्हाइकांना सांगे, "पोरीने माझ्या धंद्याचं नाव बदललंय." पुढे तिला कुलूप म्हणता आलं, तेव्हा इतर बोबड्या शब्दांसारखा तोही जायचा. पण ती शाळेत जाऊ लागली आणि आईच्या कामाच्या पाळ्या बदलत्या. कधी कोण आणायला जाईल याचा नेम नसे. आईने तिला समोर बसवून सांगितलं, "कुणीही आलं, काका म्हणो, मामा म्हणो, तुझी आई बोलावतेय म्हणो, विचारायचं, शब्द? त्याने पुलूक म्हटलं तर जायचं. नाही म्हटलं तर जागचं हलायचं नाही." बापाने हसून म्हटलं होतं, "अगं, चेहरा ओळखीचा असला तर?" आई म्हणाली, "चेहरा काय, कुणीही हसरा करतो."

तो शब्द खऱ्या कामाला एकदाच आला. भिंगरी दुसरीत होती, आईचं पोटाचं ऑपरेशन अचानक ठरलं, बाप तिच्याजवळ अडकला. शाळेच्या फाटकाशी आईबरोबर काम करणारी एक धिप्पाड बाई आली, घामाने निथळत. भिंगरी पाठीला दप्तर लावून खांबासारखी उभी. "शब्द?" वर्गाच्या बाई ओरडल्या, "मोठ्यांना असं विचारतात?" ती हललीच नाही. मग धिप्पाड बाई वाकली आणि तिच्या कानात म्हणाली, "पुलूक. मेल्या शब्दाने जीव खाल्ला माझा, विसरू नये म्हणून वाटभर घोकत आलेय. लोक वेडी समजले मला." बरी झाल्यावर आईने पहिलं काम काय केलं, तर त्या बाईला गाठून सांगितलं, "आता विसर." आणि ती बाई खरंच विसरली. नंतर कितीदा घरी आली, पण थट्टेतसुद्धा तिने तो शब्द काढला नाही. न शिकलेली माणसं, पण विसर म्हटलं की विसरायची.

बापाच्या धंद्यालाही त्याचे नियम होते. मालक समोर उभा असल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही. किल्लीचा साबणावर घेतलेला ठसा घेऊन कुणी आलं, तर त्याला बसवून ठेवायचं आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या. सरळ माणूस असेल तर खरी किल्ली घेऊन येतो, नसेल तर तहान लागल्याचं सांगून उठतो आणि परत येत नाही. "ठसा घेऊन येणारा माणूस घाईत असतो," बाप म्हणे. भिंगरी वर्गात पहिल्या वर्षी जे शिकली त्यातलं निम्मं तिने टपरीत बसून ऐकलेलं होतं. ते तिने वर्गात बोलून दाखवलं, मुलं हसली, आणि त्या हसण्यातून एकटीने मान वर करून पाहिलं ते मॅडमनी.

काय नव्हतं केलं त्यांनी. स्वतःचा जुना लॅपटॉप दिला, त्याच्या बटणांवर त्यांच्या बोटांनी अक्षरं झिजलेली. मुलाखतीत पाय हलवायचे नाहीत हे शिकवलं. त्यांच्या संस्थेच्याच शिष्यवृत्तीच्या अर्जात एक रकाना होता, कुटुंबातील उच्चशिक्षित व्यक्ती. भिंगरीने त्यात 'कोणी नाही' लिहिलं तर मॅडमनी कागद काढून घेतला. "असं नाही लिहायचं. मागे दोन पानं जोड. घरात तू सुरक्षा म्हणजे काय शिकलीस ते लिही. खरं लिही बाळा, खरंच चालतं." त्यांच्याच खोलीत बसून तिने पुलूकची गोष्ट लिहिली. शाळेचं फाटक, धिप्पाड बाई, सगळं. लिहिताना एकदा पेन थांबलं होतं. हे तिला नक्की आठवे. आई काय म्हणेल, असं आलं होतं मनात. मग वाटलं, आपण मोठे झालो, आता कोण येतंय आपल्याला शाळेतून न्यायला. मॅडमनी वाचलं, चष्मा काढला, डोळे पुसले. "सोनं आहे हे." ते अश्रू खोटे होते असं ठरवता आलं असतं तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं. ते खरे होते.

काचेच्या खोलीत मॅडम सांगत होत्या, "नऊ जणांनी फोन ठेवला. इथे चाळीस सेकंद लागले. का?" कुणीतरी म्हणालं, "बाई बावळट होती." मॅडम म्हणाल्या, "बावळट नाही. आई होती." मुलांनी हे वहीत लिहून घेतलं. भिंगरीला मात्र एकच गोष्ट ऐकू येत राहिली. दहा जणांत त्या एकाच बाईने विचारलं होतं, शब्द काय. बाकीच्यांनी नुसता फोन ठेवला. ओळख पटवून मागितली ती तिने एकटीने, आणि पटली म्हणून दिलं. वर्गात याला पूर्ण गुण मिळाले असते.

आणि तारीख. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती, अकरा दिवसांपूर्वीची, शुक्रवार. त्या शुक्रवारी ती घरी गेली तेव्हा दार वाजवायच्या आत आईने उघडलं होतं. चपला काढू दिल्या नाहीत. मनगटापासून खांद्यापर्यंत दोन्ही हात चाचपले, मान चाचपली, गठ्ठ्यातली चादर फाटलीय का बघावं तशी. भिंगरी वैतागली होती. "काय गं आई, इस्त्रीचा शर्ट आहे!" आई म्हणाली, "जेवलीस का?" बस्, एवढंच. मग पाठ करून ओट्यापाशी उभी राहिली, आणि बराच वेळ नळ नुसता वाहत होता. त्या दिवशी दुपारी भिंगरीचा फोन बंद होता. परीक्षा होती.

खोली रिकामी झाल्यावर तिने रेडिओला जिन्यात गाठलं. "तो शब्द कुठून आला?"

"कुठला? पुलूक?" तो हसायला लागला आणि तिचा चेहरा बघून थांबला. "मला कागद दिला होता गं. मी आपला वाचणारा. म्हटलं, काहीतरी गंमत असेल."

"कागद आहे?"

कागद होता. फोनवर काय बोलायचं ते छापलेलं, आणि खाली समासात पेनने एक ओळ, गोल, टपोऱ्या अक्षरात. हे अक्षर तिने तीन वर्षं आपल्या वहीत 'छान!' म्हणून पाहिलं होतं. ओळ अशी होती. 'शब्द विचारला तरच: पुलूक.'

कागद घेऊन ती मॅडमच्या खोलीत गेली. मॅडमनी दार लावून घेतलं, तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. त्या चिडल्या नाहीत. "बाळा, तो अर्ज संस्थेच्या कागदांत आहे. अभ्यासासाठी वापरायला तुझी सही आहे त्यावर. नाव आम्ही रुग्णालयाला दिलेलं नाही."

"धुलाईच्या काउंटरवर एकच बाई आहे, मॅडम."

मॅडम म्हणाल्या, "खरा चोर असता तर त्याने दया केली असती का? तूच वर्गात म्हणाली होतीस."

"खऱ्या चोराला तो शब्द ठाऊक नव्हता."

"कुठून तरी काढलाच असता."

"नसता काढला. चौघांना माहीत होता. त्यातली एक विसरली." तिचा आवाज फुटला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. "तुम्ही मला बाजूला ठेवलं ते नियमासाठी का, मला कळू नये म्हणून?"

मॅडमनी टेबलावरची फाइल सरळ केली. "दोन्ही," त्या म्हणाल्या. मग अगदी मायेने, "तू दुखावली आहेस. पण हे काम असंच असतं. सावकाश ये उद्या." आणि ती उठताना तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात ऊबदार होता. तो तिला झटकता आला नाही, तेही ती विसरली नाही.

घरी दिवेलागणीला आई टॉवेलांच्या घड्या घालत होती. रुग्णालयातली घडी, तीन पदरी, कोपऱ्याला कोपरा. बाप स्टुलावर बसून कुणाच्या तरी पेटीच्या कुलपात तेल सोडत होता. भिंगरी दारातच म्हणाली, "आई, तो फोन."

"कुठला?"

"तुला ठाऊक आहे कुठला."

आईने हातातली घडी पुरी केली. "अकरा दिवस वाट बघितली मी. म्हटलं, आपणहून सांगेल शब्द कुणाला दिला ते. वाटलं, आवडला असेल एखादा, त्याला बोलली असेल. आमचंही वय होतं कधीतरी. त्याचं नसतं वाटलं काही."

"तसलं काही नाही. मी लिहिला होता. अर्जात."

"लिहिला?" आईने पहिल्यांदा वर पाहिलं. जणू भिंगरीने शब्द भिंतीवर रंगवला होता. "लिहितात का तो?"

"मला वाटलं नाही गं, की..."

"त्याने चक्कर आली म्हटलं. माझ्या डोळ्यांपुढे तू चक्कर येऊन पडलेली नव्हतीस. मेलेली होतीस. तरी मी विचारलं. तरी विचारलं मी, शब्द काय. शब्द बरोबर होता." तिने दुसरा टॉवेल उचलला. "पासवर्ड काय घेऊन बसलीस, किडनी मागितली असती तर तीही काढून दिली असती. एप्रनवर धावत गेले खाली. सगळ्या खाटा बघितल्या. एका खाटेवर तुझ्याएवढीच कुणीतरी होती, तोंडावर चादर. ती चादर मी उचलली."

बापाच्या हातातलं कुलूप खट् करून मिटलं. तो भिंगरीकडे न बघता म्हणाला, "साबणावर ठसा देऊन आलीस पोरी."

"मला फसवलं त्यांनी, बाबा."

"हो ना. तुला त्यांनी फसवलं." पुढचं तो बोलला नाही. तिघांनाही ते ऐकू आलं.

दुसऱ्या आठवड्यात आईला काउंटरवरून काढलं आणि पुन्हा दाबयंत्रावर उभं केलं. खुर्चीवर बसून, एका बोटाने का होईना, संगणकात चादरींची नोंद करण्यापर्यंत पोचायला तिला एकोणीस वर्षं लागली होती. मुकादम भला माणूस. तो म्हणाला, "तुमच्यावर राग नाही बाई, वरून कागद आलाय." कागदात नाव नव्हतं. 'धुलाई विभागातील एक महिला कर्मचारी' असं होतं. भिंगरी म्हणाली, मी तिथे पुन्हा पाऊल टाकणार नाही. आईने भाकडकथा ऐकावी तसं ऐकून घेतलं. "सही कर. माझी खुर्ची गेली ती गेली, तुझीही घालवून मला काय कुणी परत बसवणार आहे?" रागाने बोलली असती तर भिंगरी भांडली असती. पण आई दमलेली होती. महिनाअखेर भिंगरीने सही केली. मॅडमनी पेढीवरच्या माणसाने करावं तसं हस्तांदोलन केलं, आणि तिनेही केलं.

मग कधीतरी, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला, तिचा फोन पडून फुटला आणि तिने संस्थेच्या टेबलावरून घरी फोन लावला. आज उशीर होईल, एवढंच सांगायचं होतं. आईने उचलला. मागे बापाचा खोकला ऐकू येत होता.

"आई, मी बोलतेय."

"कोण मी?"

"मी गं. भिंगरी."

मग आई म्हणाली, "शब्द?"

तिला हसू आलं. वाटलं, संपलं आता सगळं, पहिल्यासारखं झालं. ती लहान मुलीसारखी म्हणाली, "पुलूक."

"तो जुना झाला," आई म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

घरी गेल्यावर आईने वाढलं, विचारपूस केली, फोन कितीला दुरुस्त होईल म्हणून चौकशी केली. नवा शब्द कोणता, हे भिंगरीने विचारलं नाही. आईने सांगितलं नाही. बापाला माहीत होता, हे त्याच्या मान खाली घालून जेवण्यावरून कळलं.

आता या सगळ्याला बरीच वर्षं झाली. मॅडमची संस्था मोठी झाली. सातव्या फोनाची गोष्ट त्या व्यासपीठांवर सांगत, आणि दरवेळी तिथे त्यांचा आवाज दाटून येई. पुढे त्या मुलाकडे परदेशी गेल्या आणि वाढदिवसाला भिंगरीला 'बाळा' म्हणून न चुकता संदेश पाठवतात. रेडिओने ते काम त्याच वर्षी सोडलं. कुठल्या कुठल्या इमारतींच्या लिफ्टमध्ये 'दार बंद होत आहे' असं जे ऐकू येतं, तो त्याचाच आवाज. धिप्पाड बाई वारली. शेवटी शेवटी तिला स्वतःच्या मुलांची नावं आठवत नसत. भिंगरी भेटायला गेली तेव्हा मात्र तिने हाताने जवळ बोलावलं, कानाशी तोंड आणलं आणि काहीच बोलली नाही. मुकादम निवृत्त होऊन फुलझाडं विकतो. बापाने टपरी विकली, पण घरात कुलपं आणून खोलत बसतो. आई दाबयंत्रावरूनच निवृत्त झाली. डाव्या मनगटावर वाफेचा एक लांबट डाग आहे, त्यावर ती बांगडी चढवते.

भिंगरी आता स्वतःच तसल्या चाचण्या आखते. तिच्या हाताखालच्या मुलांना एक नियम पाळावा लागतो, की घरातला शब्द वापरायचा नाही. का, ते ती सांगत नाही. लोकांचे पासवर्ड ती बसल्या जागी ओळखते. मुलांची नावं, जन्मवर्षं, मेलेल्या कुत्र्याचं नाव. माणसं फार लांब जात नाहीत. घरी फोन करायचा तर ती स्वतःच्याच नंबरावरून करते, आणि बॅटरी संपत आली की अस्वस्थ होते. कधी बसमध्ये, कधी आरशासमोर केस विंचरताना, ती एकेक शब्द मनात लावून बघते. बापाचा एखादा लाडका शब्द, आपलाच आणखी एखादा बोबडा शब्द, धिप्पाड बाईचं नाव. कुठला तरी असेलच. पण तीन चुकीचे प्रयत्न झाले की कुलूप कायमचं बसतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? एक तिने वापरला आहे. उरलेले दोन ती जपून ठेवते.